मावशींना कळलं, पुढे काय? शाळेतल्या आत्महत्या-प्रतिबंध धोरणाचा नाशिककरांसाठी वाटाड्या

नाशिकच्या शाळांमध्ये या विषयावर बोलायला जाते तेव्हा मी आधी एकच प्रश्न विचारते. आठवीतली मुलगी मधल्या सुट्टीत वर्ग झाडणाऱ्या मावशींना म्हणाली, "मावशी, मला आता जगायचंच नाही." पुढच्या दहा मिनिटांत मावशींनी काय करायचं? शिक्षक मुख्याध्यापकांकडे बघतात, मुख्याध्यापक माझ्याकडे. मावशी मुळात सभेला नसतातच, त्या आमच्यासाठी चहा टाकत असतात.

एका शाळेने मला त्यांचं धोरण कौतुकाने दाखवलं होतं. बावीस पानं, सगळी इंग्रजीत, आणि आत एका जागी दिल्लीतल्या कुठल्याशा शाळेचं नाव तसंच राहून गेलेलं. तपासणीला आलेल्या साहेबांना ती फाइल चालली असेल. मावशींना ती वाचता आली नसती. हा लेख मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांसाठी आहे. सरकारने काय सांगितलंय आणि ते आपल्या शाळेत शेवटच्या माणसापर्यंत कसं पोहोचवायचं, एवढंच यात आहे.

हे वाचताना तुमच्या स्वतःच्या किंवा घरातल्या कुणाच्या मनात असे विचार येत असतील, तर लेख बाजूला ठेवा आणि १४४१६ हा नंबर लावा. टेलि-मानसची ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं.

कागदावर काय आहे

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये शाळांसाठी 'उम्मीद' या नावाने मार्गदर्शक सूचनांचा मसुदा काढला. त्याआधी नोव्हेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण आलं होतं. २०३० पर्यंत आत्महत्येने होणारे मृत्यू दहा टक्क्यांनी कमी करायचे, असं त्याचं उद्दिष्ट आहे. दोन्ही कागद बरेच दिवस 'सूचना' म्हणूनच फिरत राहिले, आणि सूचनांचं आपल्याकडे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

चित्र बदललं २५ जुलै २०२५ ला. विशाखापट्टणममध्ये 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पंधरा निर्देश दिले आणि कायदा होईपर्यंत ते देशभर बंधनकारक केले. शाळा, महाविद्यालयं, वसतिगृहं, खासगी क्लास, सगळे त्यात आले. मुख्याध्यापकांनी त्यातल्या पुढच्या गोष्टी पाठच कराव्यात. प्रत्येक संस्थेने मानसिक आरोग्याचं धोरण स्वीकारायचं, दरवर्षी तपासायचं, संकेतस्थळावर आणि फलकावर लावायचं. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर मुलांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा. विद्यार्थी त्याहून कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञाशी लेखी जोडणी करायची. सर्व कर्मचाऱ्यांचं, म्हणजे शिक्षकेतरांचंही, वर्षातून दोनदा प्रशिक्षण घ्यायचं. टेलि-मानससारखे मदतीचे नंबर वर्गात, वसतिगृहात, येण्याजाण्याच्या जागी मोठ्या अक्षरात लावायचे.

न्यायालयाने याच निकालात २०२२ ची आकडेवारी दिली आहे. त्या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांचा आत्महत्येने मृत्यू झाला, आणि परीक्षेतल्या अपयशाशी जोडलेले मृत्यू होते २,२४८. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. निकालाच्या आठवड्यात जागं राहायचं आणि बाकी वर्षभर निर्धास्त, असं करून चालणार नाही.

पहिली पायरी: समिती, पण कामाची

'उम्मीद'मध्ये मुख्याध्यापकांच्या नेतृत्वाखाली एक 'शाळा स्वास्थ्य चमू' सुचवलेला आहे. हे ऐकल्यावर शिक्षकांच्या चेहऱ्यावर जी आठी पडते ती मी समजू शकते. शाळा व्यवस्थापन समिती आहे, पालक-शिक्षक संघ आहे, मुलांच्या सुरक्षिततेसाठी मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने आलेली सखी सावित्री समिती आहे, तक्रारपेटी उघडणारी मंडळी आहेत. माणसं तीच, रजिस्टरं वेगळी.

माझा सल्ला असा की चमू लहान ठेवा. पाच-सहा जण पुरेत: मुख्याध्यापक, समुपदेशक असल्यास तो, मुलं ज्यांच्याजवळ आपणहून जातात असे दोन शिक्षक (एक बाई, एक सर), सखी सावित्री समितीतली एक सदस्य आणि शिक्षकेतरांमधला एकजण. हे दोन शिक्षक निवडताना ज्येष्ठता बघू नका. कुणाच्या टेबलाभोवती मुलं सुट्टीत घुटमळतात ते शाळेत सगळ्यांना माहीत असतं.

पहिल्या बैठकीत एकच काम करा: कोण कोणाला फोन करणार ते ठरवा. मुख्याध्यापक रजेवर असतील तर कोण? दुपारच्या सत्रात कोण? सहलीला गेल्यावर कोण? नावं आणि नंबर लिहूनच बैठक संपवा.

समुपदेशक कुठून आणायचा

इथे खरी अडचण आहे. इंग्रजी माध्यमाच्या मोठ्या शाळांना समुपदेशक परवडतो. अनुदानित मराठी शाळेत ते पदच नसतं, आणि पगार कुठून द्यायचा हा प्रश्न निकालाच्या प्रतीने सुटत नाही. तरी हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही.

एकाच शिक्षणसंस्थेच्या शहरात चार-पाच शाळा असतील तर संस्थेने एक समुपदेशक नेमून आठवड्याचे वार वाटून द्यावेत. वार ठरलेला आणि मुलांना माहीत असलेला हवा. "गरज पडली की बोलावू" ही व्यवस्था कधीच बोलावत नाही. दुसरं, जिल्हा रुग्णालयाला पत्र द्या. त्र्यंबक नाक्याजवळच्या आपल्या सिव्हिलमधून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं काम चालतं. पत्रात मोघम विनंती नको. प्रशिक्षणासाठी माणूस हवा, आणि तातडीच्या वेळी मूल कोणत्या विभागात, कोणाकडे न्यायचं त्याचं उत्तर लेखी हवं, हे दोनच मुद्दे लिहा. किशोरवयीन मुलांसाठी सरकारी रुग्णालयांतून 'मैत्री क्लिनिक' चालतात, त्याचीही चौकशी त्याच पत्रात करा. आडगाव किंवा पंचवटीकडच्या शाळांना आडगावचं वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडेल.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या आडबाजूच्या आश्रमशाळांना सिव्हिल फार लांब पडतं. तिथे टेलि-मानस हाच पहिला आधार. पण आधी स्वतः नंबर लावून बघा. कोणत्या कंपनीचं सिम शाळेच्या कोणत्या कोपऱ्यात चालतं, मराठीसाठी कोणता आकडा दाबायचा, बोलायला माणूस यायला किती वेळ लागतो, हे अधीक्षकांना आधीच माहीत हवं. १४४१६ लागला नाही तर १८००-८९१-४४१६ हा दुसरा नंबर आहे.

इमारतीची फेरी

हे काम एका शनिवारी दुपारी होतं. 'उम्मीद'च्या सूचना इथे अगदी साध्या आहेत: रिकाम्या वर्गांना कुलूप, अंधाऱ्या बोळांत दिवा, मैदानाच्या कडेची वाढलेली झुडपं साफ. प्रयोगशाळेची रसायनं कपाटात, किल्ली एकाकडे. गच्चीच्या दाराला कुलूप असतं, पण किल्ली बहुधा शेजारच्या खिळ्यालाच लटकलेली असते. ती खाली ऑफिसात आणा. वसतिगृहांसाठी न्यायालयाने सुरक्षित रचनेचे पंखे आणि गच्चीवर जाण्यावर बंधन, दोन्ही स्पष्ट सांगितलं आहे.

फेरीला शिपाईमामांना सोबत घ्या. मुलं कुठे जाऊन रडतात ते त्यांना ठाऊक असतं.

सगळ्यांना शिकवायची तीन वाक्यं

वर्षातून दोन प्रशिक्षणं म्हणजे दोन भाषणं नव्हेत. मी पहिल्या तासाला मावशी, मामा, क्लार्क, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई आणि व्हॅनवाले काका, सगळ्यांना शिक्षकांसोबत बसवते आणि तीन वाक्यं मोठ्याने म्हणवून घेते:

"बरं झालं, मला सांगितलंस."
"मी इथेच आहे, तुला एकटं सोडून जात नाही."
"चल, आपण दोघं मिळून बाईंना सांगू."

बस. मावशींनी समुपदेशन करायचं नाही, उपदेश करायचा नाही. मुलाला हाताला धरून ठरलेल्या माणसापर्यंत आणायचं. "असं बोलू नये गं, आई-बापांचा विचार कर" हे वाक्य आपल्या तोंडात अगदी पुढे असतं. ते गिळायचं. ते ऐकल्यावर मुलगी गप्प होते, आणि आपल्याला वाटतं की समजलं.

शिक्षकांसाठी दुसरा तास: काय बघायचं. मूल अचानक मागे मागे राहतं, आवडीची वस्तू वाटून टाकतं, वहीत निरोपाची भाषा येते, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्या सोडत नाही, झोप उडालेली दिसते, किंवा फार दिवस उदास असलेलं मूल एका सकाळी विचित्र शांत होतं. यातलं एकच चिन्ह दिसलं म्हणून घाबरू नका, पण दोन-तीन एकत्र दिसली तर त्याच दिवशी बोला.

मूल बोललं, आता

या भागाची झेरॉक्स काढून शिक्षक-खोलीत लावली तरी माझी हरकत नाही.

मुलाला शांत खोलीत न्या, पण दार पूर्ण बंद करू नका आणि मुलाला क्षणभरही एकटं सोडू नका. पाणी आणायला दुसऱ्याला पाठवा. आधी ऐका. मग सरळ विचारा: "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" शिक्षक इथे कचरतात. विचारल्याने नसता विचार डोक्यात जाईल, अशी भीती असते. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं याने मूल सैल होतं. उत्तर 'हो' आलं तर पुढचा प्रश्न: "आज किंवा लवकरच काही करायचं ठरवलं आहेस का?"

ठरवलं असेल, तर तो तातडीचा प्रसंग. पालकांना शाळेत बोलवा, मुलाला रिक्षाने एकट्याने घरी पाठवू नका, आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. काही करून झालं असेल, तर घरगुती उपाय करण्यात मिनिटं घालवू नका. १०८ ला फोन करा आणि थेट रुग्णालय गाठा. ठरवलं नसेल, पण विचार येत असतील, तर समुपदेशक शाळेत असल्यास लगेच भेट. नसल्यास मुलाला शेजारी बसवून टेलि-मानसला फोन लावा. तरीही पालकांना त्याच दिवशी कळवायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गशिक्षकांनी मुलाला भेटायचंच.

"कुणाला सांगणार नाही ना?" हा प्रश्न हमखास येतो. खोटं वचन देऊ नका. असं म्हणा: "ज्यांना सांगितल्याशिवाय तुला मदत मिळणार नाही, तेवढ्यांनाच सांगेन. आणि कुणाला सांगतेय ते तुला आधी सांगेन." नोंद एकाच कुलूपबंद वहीत ठेवा. शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुलाचं नाव गेलं, तर त्या शाळेत पुढचं मूल बोलणार नाही.

हातावर ओरखडे दिसले तर वर्गात "हात दाखव" म्हणू नका. बाजूला घ्या, आधी मलमपट्टी करा, मग बोला. स्वतःला इजा करणाऱ्या प्रत्येक मुलाला मरायचंच असतं असं नाही; पुष्कळदा आतला ताण सहन होत नाही म्हणून ते घडतं. पण "नाटकं आहेत" म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट नाही. वरचे दोन प्रश्न इथेही विचारायचेच.

कधी कधी बोलता बोलता कळतं की धोका घरातच आहे, किंवा शाळेतल्याच कुणाकडून आहे. मग ते प्रकरण मुख्याध्यापकांच्या खोलीत मिटवायचं नसतं. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार बंधनकारक आहे, न देणं हा गुन्हा आहे. मारहाण, हाल, बालविवाह अशा बाबतींत १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा. तिथून बाल संरक्षण कक्ष आणि बालकल्याण समितीपर्यंत रस्ता जातो. अशा वेळी घरी आधी कुणाला आणि काय सांगायचं, तेही त्यांना विचारूनच ठरवा.

पालकांशी बोलणं

पालकांना फोनवर सगळं सांगू नका. "तब्येत बरी आहे, पण तुमच्याशी समोर बसून बोलायचंय, आत्ता या" एवढं पुरे. आल्यावर मुलासमोर कैफियत मांडू नका. आई-वडील आधी रागावतात. तो राग बहुतेक वेळा भीतीचा असतो. त्यांना पाच मिनिटं द्या.

"पोलीस केस होईल" ही भीती मी प्रत्येक तालुक्यात ऐकली आहे, आणि तिच्यापायी माणसं दवाखान्यात उशिरा पोहोचतात. त्यांना स्पष्ट सांगा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ म्हणतं की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरायचं, तिला शिक्षा करायची नाही, आणि तिची काळजी व उपचार ही सरकारची जबाबदारी आहे. रुग्णालय पोलिसांना कळवेल, जबाब होईल. मुलाला त्यासाठी शिक्षा होणार नाही.

मग घराचा विषय काढा. निफाड, दिंडोरी, चांदवडकडच्या शाळांनी तर हे वगळूच नये. गोडी छाटणीनंतर द्राक्षबागेत फवारण्यांवर फवारण्या चालतात आणि मळ्यातल्या वस्तीवर औषधांचे डबे पडवीत, ओट्याखाली, कधी स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीशी असतात. पालकांना विचारा: औषधं कुठे ठेवता? किल्ली कुणाकडे? पत्र्याची पेटी किंवा लोखंडी कपाट, घरापासून दूर, कुलूप लावून, किल्ली मोठ्या माणसाच्या कमरेला. उरलेलं औषध पाण्याच्या बाटलीत भरून ठेवायची सवय तर आजच बंद. शहरात सिडको-सातपूरच्या दोन खोल्यांत हाच प्रश्न आजी-आजोबांच्या गोळ्यांबद्दल विचारायचा. जीव द्यायची ऊर्मी बऱ्याचदा थोड्या वेळाची असते. तेवढा वेळ हाताशी काही नसलं, तर मूल वाचतं. शाळेच्या एखाद्या पालकसभेत कुणाचं नाव न घेता हा विषय सगळ्यांसाठीच घ्या. कृषी सहायकांना सोबत बोलावलंत तर बापे माणसं ऐकतात, हा माझा अनुभव.

परत आलेलं मूल

उपचारानंतर मूल शाळेत येतं तो दिवस धोरणात कुणीच लिहीत नाही. आदल्या दिवशी पालक, वर्गशिक्षक आणि मूल यांनी बसून तीन गोष्टी ठरवा: वर्गात विचारलं तर काय सांगायचं, जड वाटलं तर कुठे जाऊन बसायचं, बुडालेला अभ्यास किती आणि कधी. औषधं चालू असतील तर मूल पहिल्या तासाला पेंगेल. त्यावरून विनोद नकोत. भेट पहिला महिनाभर दर आठवड्याला, नंतर हळूहळू लांबवा.

तुकड्या, निकाल, क्लास

गुणांवरून अ, ब, क तुकड्या पाडायची आपली जुनी खोड आहे. 'फ' तुकडीतल्या मुलाला स्वतःची ओळख करून देताना मान खाली घालताना मी बघितलंय. न्यायालयाने गुणांवरून वेगळं बसवणं शक्यतो टाळा, चारचौघांत लाजवू नका, कुवतीबाहेरची उद्दिष्टं लादू नका, असं सांगितलं आहे. त्यात क्लासेसवर विशेष भर आहे. निकालात कोटा, हैदराबाद, मुंबई अशी नावं घेतलीत, पण 'जिथे मुलं बाहेरगावाहून शिकायला येतात अशी इतर शहरं' हेही म्हटलंय. कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या क्लासेससाठी धुळे, नंदुरबार, कळवणहून येऊन खोली करून राहणारी मुलं बघितली की नाशिक त्यात बसतं. अकरावी-बारावीची मुलं ज्या क्लासला जातात त्यांना शाळेने, कनिष्ठ महाविद्यालयाने आपला संपर्क-कागद द्यावा. हजेरी सकाळी तिकडे आणि नाव इकडे, अशा मुलांकडे कुणाचंच लक्ष नसतं.

दहावी-बारावीच्या निकालाआधी मुलांना पुरवणी परीक्षेची आणि एटीकेटीची माहिती फळ्यावर लिहून द्या. निकालाच्या दुपारी वर्गशिक्षकांनी पेढे खाण्याआधी नापास मुलांच्या घरी फोन करायचे. थकलेल्या फीचं नाव वर्गात पुकारायचं नाही, हॉलतिकीट अडवायचं नाही. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने केव्हाच बंदी घातली आहे.

मृत्यू झालाच तर

यावर लिहायला हात धजत नाही, पण त्या दिवशी विचार करायला वेळ नसतो म्हणून आधी ठरवायला हवं. घरच्यांना भेटा, काय सांगितलेलं चालेल ते त्यांना विचारा. मुलांना प्रार्थनेच्या मैदानावर माइकवरून सांगू नका. प्रत्येक वर्गात त्यांच्या शिक्षकांनी, थोडक्यात, खरं तेवढं सांगा. कसं झालं याचं वर्णन नको, कारण एकच होतं असं सांगणं नको, मोठाले फलक आणि स्टेटसला फोटो नकोत. इतर कुठल्याही विद्यार्थ्याच्या निधनानंतर शाळा जे करते तेवढंच करा. जवळचे मित्र, शेजारच्या बाकावरचा, भावंडं आणि आधीपासून खचलेली मुलं, यांची यादी त्याच दिवशी करून त्यांना एकेकट्याने भेटा. पत्रकारांशी एकाच माणसाने बोलावं. बातमीत मदतीचा नंबर छापा, अशी विनंती करावी. शिक्षकांनाही रडायला जागा लागते, हे मुख्याध्यापक विसरतात.

वर्षअखेर, आणि तो एक कागद

किती मुलांशी बोलणं झालं, किती पुढे पाठवली, प्रशिक्षणं कधी झाली, याचा नावं वगळून अहवाल ठेवा. न्यायालयाच्या निर्देशांनुसार तो दरवर्षी शिक्षण विभागासारख्या संबंधित यंत्रणेला द्यायचा आहे. आकडा शून्य लिहिलेला अहवाल दिसला की मला काळजी वाटते.

राहिला एक कागद. मराठीत, एका पानात, मोठ्या अक्षरात: ती तीन वाक्यं, चमूतल्या दोघांची नावं आणि नंबर, खाली १४४१६, १०९८, १०८ आणि ११२. तो पाण्याच्या टाकीजवळ, मुलींच्या स्वच्छतागृहाबाहेर, ऑफिसच्या खिडकीवर आणि वसतिगृहाच्या जिन्यात लावा. एक प्रत व्हॅनवाल्या काकांच्या गाडीतही द्या. चमूतलं कुणी बदललं की तीसुद्धा आठवणीने बदला.